सह्याद्रीचं रान कसं वाचावं: कोयना, चांदोली, राधानगरीसाठी सविस्तर मार्गदर्शक

कोयना, चांदोली किंवा राधानगरीच्या रानात दोन दिवस काढूनही "काहीच दिसलं नाही" म्हणत परतणारे पुष्कळ असतात. विदर्भातल्या कोरड्या, मोकळ्या पानगळीच्या जंगलाची सवय असेल तर असं होणारच. इथलं जंगल बरंचसं सदाहरित आणि निमसदाहरित आहे आणि दहा पावलांपलीकडचं दिसू नये इतकं दाट आहे. उतार उभे, वाटा मोजक्या. पाणी वर्षातले बरेच महिने ठिकठिकाणी असतं, त्यामुळे जनावर एकाच पाणवठ्याला बांधलेलं नसतं. गाडीतून फिरताना काहीतरी नजरेला पडेल या भरवशावर इथे राहू नये. आधी डोंगर वाचावा लागतो. कातळ कुठे उघडा पडला आहे, माती कुठे धरून आहे, पाणी कोणत्या थरातून झिरपतं आणि वारा कोणत्या वेळी कुठून येतो, हे कळलं की जनावर कुठे असणार याचा अंदाज बांधता येतो.

पट्टा नेमका कोणता

महाबळेश्वरच्या दक्षिणेला सह्याद्रीची मुख्य धार सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या जिल्ह्यांच्या सीमेवरून जाते. या धारेवर १९८५ साली कोयना अभयारण्य झालं. चांदोलीही त्याच वर्षी अभयारण्य झालं आणि २००४ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प तयार झाला. त्याचं एकूण क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर असून त्यातलं गाभा क्षेत्र ६०० चौरस किलोमीटर आहे. आणखी दक्षिणेला दाजीपूर-राधानगरी. १९५८ पासून संरक्षित असलेलं हे राज्यातलं पहिलं अभयारण्य मुळात गव्यांसाठी राखलं गेलं. कोयना, चांदोली, राधानगरी आणि कासचं पठार ही चारही ठिकाणं २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

नकाशावर ही नावं सुटी दिसतात, पण जनावरांच्या लेखी ती एकच सलग वाट आहे. मधल्या विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा या संवर्धन राखीव क्षेत्रांतून गवे आणि कोळसुंदे (रानकुत्रे) ये-जा करतात. पट्टा पुढे तिलारीकडून गोवा आणि कर्नाटकातल्या जंगलांना जोडला जातो. म्हणून एखादं जनावर गाभा क्षेत्रात नाही दिसलं तरी आंबा घाटाच्या आसपासच्या रानात त्याच्या खुणा मिळू शकतात.

पायऱ्या, पदर आणि सडा

हा सगळा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. लाव्हा एकावर एक थरांनी पसरला आणि प्रत्येक थराची प्रकृती वेगळी राहिली. घट्ट काळा पाषाण झिजत नाही, तो उभा कडा म्हणून राहतो. सच्छिद्र, भुसभुशीत थर झिजून मागे सरकतो आणि तिथे आडवी पायरी तयार होते. कड्याच्या पायथ्याची अशी झाडीने भरलेली पायरी म्हणजे पदर. दोन थरांच्या मध्ये बऱ्याचदा लालसर गेरूचा पट्टा दिसतो.

हा लाल पट्टा डोळ्यांत भरून घ्यावा, कारण पाण्याचा हिशेब तिथेच आहे. वरच्या सच्छिद्र थरात मुरलेलं पावसाचं पाणी खाली उतरता उतरता या चिकण थरावर किंवा त्याखालच्या अभंग पाषाणावर अडतं आणि डोंगराच्या कडेने बाहेर पडतं. त्यामुळे एका डोंगराच्या एका बाजूला विशिष्ट उंचीवर झरा सापडला की दुसऱ्या बाजूलाही जवळपास त्याच उंचीवर ओल शोधावी. जुन्या गडांवरची टाकी आणि बारमाही झरे बहुतेक असेच आहेत. एप्रिल-मे महिन्यांत सांबर आणि भेकर याच उंचीच्या पदरात दिवस काढतात, कारण सावली, ओला पाला आणि पाणी तिन्ही एकत्र मिळतं.

पूर्व आणि पश्चिम या दोन बाजू तर दोन वेगळे मुलूख आहेत. पश्चिमेला कोकणात कोसळणारा कडा, त्याखाली वाशिष्ठी, जगबुडी आणि शास्त्री या आखूड, वेगवान नद्यांची खोरी. पूर्वेला सावकाश उतरणाऱ्या सोंडा, म्हणजे मुख्य धारेतून फुटलेल्या लांब डोंगरधारा. कोयना नदी मात्र महाबळेश्वरला उगम पावून आधी दक्षिणेकडे डोंगररांगांच्या मधून वाहते आणि हेळवाकजवळ काटकोनात वळून कराडकडे जाते. तिच्या या लांबट उत्तर-दक्षिण खोऱ्यातच धरणाचा शिवसागर जलाशय पसरला आहे. चांदोलीत वारणा नदीवर वसंतसागर. घाटमाथ्यावर वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर पूर्वेला कराडपर्यंत पोचेतो तो हजाराच्याही खाली येतो. एवढ्याच अंतरात झाडी सदाहरितातून पानगळीची आणि मग काटेरी होते.

डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाला इथे सडा म्हणतात. वर जांभ्याची टोपी आणि मातीचा जेमतेम काही सेंटिमीटरचा थर, त्यामुळे झाड उभं राहत नाही. चांदोलीतला झोळंबीचा सडा हे त्याचं मोठं उदाहरण. पावसाळ्यानंतर सड्यावर गवत माजतं आणि सड्याच्या कडेला झाडी सुरू होते. गवत आणि झाडी यांची ही शिवण फार महत्त्वाची. गवा चरायला गवतावर येतो आणि ऊन चढलं की दहा मिनिटांत झाडीत शिरतो. सड्याच्या मधोमध उभं राहून दुर्बीण फिरवण्यापेक्षा ही शिवण दोन-तीनशे मीटर लांबून न्याहाळावी.

अशीच दुसरी जागा म्हणजे ओसाड गावठाणं. धरणांमुळे आणि पुनर्वसनामुळे उठलेल्या गावांची जुनी ताली घातलेली शेतं आता गवताळ झाली आहेत. चौथरे, विहिरी, आंबा-फणसाची झाडं अजून आहेत. मार्चनंतर फणस आणि आंब्याखाली सांबर, रानडुक्कर, अस्वल यांच्या खुणा हमखास मिळतात. तिथे शिरताना विहिरींकडे लक्ष ठेवावं. कठडे ढासळलेले आणि तोंडं झुडपांनी झाकलेली असतात.

नकाशा कसा वापरावा

१:५०,००० प्रमाणाचा भूपत्रक नकाशा घ्यावा. त्यात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर आणि समोच्च रेषांमधलं, म्हणजे सारखी उंची दाखवणाऱ्या रेषांमधलं, उंचीचं अंतर २० मीटर. जायच्या आदल्या दिवशी कागदावर तीन गोष्टी रंगवून ठेवाव्यात: रेषा एकमेकींना चिकटलेल्या जागा म्हणजे कडे, त्यांच्या खाली रेषा विरळ होतात ते पदर, आणि माथ्यावर रेषाच नसलेले सपाट भाग म्हणजे सडे. एवढ्यावर निम्मा अभ्यास होतो.

चूक होते ती इथे: १५ मीटरचा सरळ कडा २० मीटरच्या दोन रेषांमध्ये पूर्ण लपतो. कागदावर सोपा उतार दिसतो आणि प्रत्यक्षात पाय कड्याच्या कडेवर थांबतात. म्हणून सोंडेवरून उतरताना मळलेली वाट सोडून शॉर्टकट घेऊ नये. खोल घळीत फोनवरचं स्थान बरंच चुकू शकतं, कारण आकाशाचा थोडाच तुकडा उघडा असतो. तिथे स्थान न घेता धारेवर आल्यावर घ्यावं. ढोरवाटा हा आणखी एक चकवा. गुरांची आणि गव्यांची वाट सुरुवातीला रुंद, ठसठशीत असते आणि पाण्यावर किंवा झुडपात जाऊन विरते. माणसाच्या वाटेवर डोक्याच्या उंचीच्या फांद्या तोडलेल्या किंवा मोडलेल्या असतात, ढोरवाटेवर त्या छातीच्या उंचीला आडव्या येतात. हा फरक पटकन ओळखता येतो.

वेळेचा हिशेब असा धरावा: जंगलातल्या सपाट वाटेवर ताशी ३ किलोमीटर, आणि चढाच्या प्रत्येक ३०० मीटरला आणखी एक तास. निरीक्षण करत जायचं असेल तर सगळी वेळ दीडपट करावी.

कधी जावं

गाभा क्षेत्र साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं. नेमक्या तारखा वन कार्यालयातून दरवर्षी विचारून घ्याव्यात. त्या काळात कासचं पठार पाहावं, जिथे प्रवेश नियंत्रित आणि सशुल्क असतो. तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं, कीटक खाणारा दवबिंदू आणि डबक्यांत उगवणारा वायतुरा ही सड्याची खरी संपत्ती आहे. कारवी दरवर्षी फुलत नाही. ती साधारण सात वर्षांनी एकदा एकत्र फुलते, बिया टाकते आणि वाळून जाते. फुललेल्या वर्षानंतर तिचे वाळके दांडे उभे असतात, त्यात चालताना फार आवाज होतो.

नोव्हेंबरमध्ये गवत कमरेच्या वर असतं आणि गवाही दिसत नाही, पण फुलपाखरं आणि पक्षी भरपूर. डिसेंबर ते फेब्रुवारी पक्ष्यांसाठी उत्तम. सस्तन प्राण्यांच्या खुणांसाठी मार्च-एप्रिल सगळ्यात चांगले: गवत वाळून बसतं, धूळ मऊ असते, पाणी आटत जाऊन पाणवठे मोजके उरतात. मलबारी राखी धनेशाची मादी याच महिन्यांत ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फळं आणून भरवतो. नर त्याच झाडावर पुन्हा पुन्हा येताना दिसला तर ढोलीजवळ जाऊ नये. तो बिचकून फळं न देता परतला तर आतली मादी आणि पिल्लं उपाशी राहतात.

मे महिन्यात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वन विभाग पाणवठ्यांवरच्या मचाणांवरून निरीक्षण ठेवतो आणि अनेक ठिकाणी नाव नोंदवून सहभागी होता येतं. मचाणावर रात्र काढायची तर लघवीसाठी खाली उतरायचं नाही, विजेरी लावायची नाही, वासाचा डबा उघडायचा नाही. हे जमणार नसेल तर नाव देऊ नये.

परवानगी आणि सामान

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे. ओळखपत्राची मूळ प्रत आणि दोन छायाप्रती सोबत ठेवाव्यात. वासोटा किल्ल्यावर जाताना बामणोलीत वन खात्याची नोंद करून बोटीने जलाशय ओलांडावा लागतो आणि संध्याकाळच्या आत परतावं लागतं, गडावर मुक्काम चालत नाही. परतीची बोट किती वाजता सुटते ते आधी पक्कं करावं आणि त्यानुसार गडावरून उतरायला सुरुवात करण्याची वेळ ठरवावी, कारण उतारावर पाय थकलेले असतात आणि जंगलात अंधार बाहेरच्यापेक्षा अर्धा तास आधी पडतो. स्थानिक वाटाड्या सगळीकडे घ्यावाच. झाडांची नावं, फळांचा हंगाम आणि अस्वल कुठल्या घळीत आहे हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

पाणी थंडीत माणशी ३ लिटर, एप्रिल-मेमध्ये ५ लिटर. दुर्बीण ८×४२, कारण दाट सावलीत मोठं भिंग उजेड जास्त घेतं. कपडे मातकट किंवा शेवाळी, पूर्ण बाह्यांचे. अत्तर, वासाचं तेल नको. याचं कारण पुढे येईल. सहा इंची पट्टी, वही, पेन्सिल (पेनाची शाई घामाने पसरते), आणि रुंद क्रेप पट्टी दोन.

चालणं आणि बसणं

पहाटे थंड हवा डोंगरावरून दरीत घरंगळते. म्हणून सूर्य चढेपर्यंत ओढ्याकाठाने खालून वर चालावं: वारा समोरून येतो आणि आपला वास मागे जातो. नऊ-दहाच्या सुमाराला उतार तापतात, हवा दरीतून वर चढू लागते. आता वरून खाली यावं. उन्हाळ्यात दुपारनंतर कड्याच्या काठावर समुद्राकडचा वारा जोरात येतो, तेव्हा काठाकडे तोंड करून सरकावं. खात्री करायची तर चिमूटभर बारीक धूळ खांद्याच्या उंचीवरून सोडून पाहावी. गव्याचं नाक अत्यंत तीक्ष्ण असतं. तो दिसत नाही याचं कारण बहुतेक वेळा तो नव्हता हे नसतं, त्याला आधीच वास लागलेला असतो.

दर वीस मिनिटांनी थांबून पाच मिनिटं फक्त ऐकावं. ओल, फळझाड आणि ताज्या खुणा एकत्र मिळाल्या की बसावं. पाण्यावरच नव्हे, तर ४०-५० मीटर मागे, वारा पाण्याकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला, झाडाला पाठ टेकवून. पहिली पंधरा मिनिटं रान गप्प असतं. मग सातभाई परततात, शेकरू पुन्हा कुरतडायला लागतं. खरी बैठक तिथून सुरू होते आणि ती किमान पाऊण तास हवी.

एक उंबराचं झाड नीट पाहायला घ्यावं. खोडालाच फळं लगडलेली असतात आणि खालची जमीन म्हणजे हजेरीपत्रक असतं. दाताने कुरतडून टाकलेली अर्धी हिरवी फळं वानर किंवा शेकरूची. वर उंच फांदीवर काटक्यापानांचा गोल, टोपलीएवढा पुंजका दिसला तर शेकरूचंच घरटं; एक शेकरू अशी अनेक बांधतं, म्हणून पाच घरटी म्हणजे पाच शेकरू असं मोजू नये. वाळक्या तंतूंचा दाबलेला, रस चोखलेला चोथा पडला असेल तर रात्री वटवाघळं येऊन गेली. फळाला गोल टोच्या मारलेल्या असतील तर तांबट. आणि खाली पडलेली पिकली फळं सकाळी एकदम नाहीशी झालेली असतील, भोवती बारीक खुरांचे ठसे असतील, तर भेकर किंवा पिसोरी (हरणासारखं इवलंसं जनावर).

खुणा ओळखणं

ठसा मोजायला जमीन कोणती हे आधी बघावं. अर्धा सेंटिमीटर मऊ धूळ, खाली घट्ट जमीन, हे आदर्श. ओल्या चिखलात पाऊल घसरतं, कडा पसरतात आणि बिबट्याचा ठसा वाघाएवढा दिसतो. वाघ दिसल्याच्या खोट्या बातम्या बऱ्याचदा अशाच चिखलातून उगवतात. बिबट्याचं पाऊल साधारण ६ ते ८ सेंटिमीटर रुंद, चार बोटं, नखं उमटत नाहीत, मागच्या गादीला खालच्या बाजूला तीन फुगवटे. वाघाचं १० सेंटिमीटरच्या आसपास आणि पुढे. नखं उमटली असतील तर कुत्रा किंवा कोळसुंदा. हे दोन नुसत्या ठशावरून वेगळे करणं अवघड, पण कोळसुंद्यांचा कळप वाटांच्या तिठ्यावर एकाच जागी विष्ठा टाकतो आणि ती केसांनी भरलेली असते. अस्वलाला पाच बोटं, लांब नखांच्या रेषा आणि मागचं पाऊल माणसाच्या अनवाणी पावलाची आठवण करून देणारं.

खूर: पिसोरी दोन सेंटिमीटरपर्यंत, भेकर तीन-चार, सांबर सहा-सात, गवा दहाच्या पुढे. गाभ्याभोवतीच्या बफर क्षेत्रात गुरं चरतात तिथे गव्याचा ठसा ठरवताना घाई करू नये. गुरांच्या ठशांमागे राखणदाराच्या चपलेचा ठसा असतो आणि ती रोज त्याच वाटेने जातात. गव्याची वाट वाकडी, चरत गेलेली. शेणाचा पो एकावर एक चकत्यांसारखा. खडकावर फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा उदमांजराची. टोकदार, पांढऱ्याकाळ्या पिसासारखा काटा साळिंदराचा. छायाचित्र घेताना पट्टी ठशाशेजारी ठेवून कॅमेरा अगदी वरून सरळ धरावा. तिरक्या चित्रावरून माप काढता येत नाही.

आवाजाचं थोडक्यात: भेकर भुंकतं, पण ते माणसालाही भुंकतं. सांबराचा घुमणारा ढाँक जास्त विश्वासाचा. वानरांचा खकाऱ्याचा इशारा आणि सांबर एकाच दिशेने बोलले तर तिथे शिकारी आहे असं धरून जागेवर थांबावं. पहाटेची माणसासारखी शीळ मात्र शीळकरी कस्तुर या पक्ष्याची; वाटाड्या बोलावतोय समजून तिच्या दिशेने जाऊ नये.

काय बिघडतं आणि का

सगळ्यात मोठा धोका आग्या माश्यांचा. कड्याच्या पोटात आणि उंच झाडांवर त्यांची पोळी लोंबतात. धूर, अत्तर, आरडाओरडा, दगड, यांतलं काहीही पुरतं. हल्ला झाला तर हात न फिरवता तोंड-डोकं कापडाने झाकून दाट झुडपातून लांब पळावं. माशी चिरडली की तिच्या वासाने आणखी येतात. पाण्यात बुडी मारून उपयोग होत नाही, त्या वर थांबून राहतात. नांग्या नखाने चटकन खरवडून काढाव्यात. कड्याच्या काठावर असाल तर आधी काठापासून आत सरका.

एकटा नर गवा वाटेत दिसला तर ५० मीटरच्या आत जाऊ नये. तो आडवा उभा राहून अंग दाखवतो, फुरफुरतो, मान हलवतो, तेव्हाच सावकाश मागे सरून जाड झाडाची आड घ्यावी. कारवीच्या गचपणात अस्वल जवळ येईपर्यंत कळत नाही, म्हणून तेवढ्या टप्प्यात मुद्दाम बोलत जावं.

साप चावल्यास अवयव काठीला बांधून स्थिर करावा, माणसाला चालवू नये. कापणं, चोखणं, आवळपट्टी यांपैकी काहीही करू नये. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. झाडावरच्या चापडा या विषारी सापावर ते लागू नाही, म्हणून साप हिरवा होता का, फांदीवर होता का, हे डॉक्टरांना सांगावं. त्याला मारायला मागे लागू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वन विभागासाठी १९२६. जलाशयाच्या काठी फोन लागत नाही हे धरूनच आधी योजना करावी. जळवांसाठी मोज्यांवर तंबाखूचं पाणी, जळू चिकटली तर ओढू नये, मीठ लावावं.

सड्यावरचे दगड उलथू नयेत. त्यांच्या खालच्या ओलसर सावलीत बेडूक, पाली, विंचू आणि देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर) कोरडा हंगाम काढतात. दगड एक दिवस उलटा राहिला तरी खालची ओल उडून जाते. पाहायचाच असेल तर जसा होता तसाच, त्याच खळग्यात, परत बसवावा.

नोंद

परतल्यावर नाही, जागेवरच लिहावं. तारीख, वेळ, उंची, जमीन, वारा, खूण, माप, शेजारचं झाड, एवढं एका ओळीत मावतं. उदाहरणार्थ: "१४ मार्च, स. ७.२०, पदराची वाट, १,०४० मी., मऊ धूळ, वारा वरून खाली, सांबर खूर ६.५ सेंमी, ताजा, कडा धारदार, उंबराखाली." कडा धारदार आहेत की ढासळल्या आहेत, ठशावर दव पडलं आहे की ठसा दवाला मोडून उमटला आहे, हे आवर्जून टिपावं, कारण दव मोडून उमटलेला ठसा त्याच पहाटेचा असतो. घरटं, ढोली, दुर्मीळ बेडूक किंवा आमरीची (ऑर्किडची) जागा यांचं छायाचित्र जाहीर टाकताना फोनमधली स्थाननोंद आधी बंद करावी आणि गावाचं नाव न देता तालुक्याचं द्यावं.